इस्रायल–पाकिस्तान संबंध

इस्रायल आणि पाकिस्तान या दोन देशांमध्ये राजनैतिक संबंध नाहीत. पाकिस्तानने इस्रायलला राष्ट्र म्हणून अद्याप मान्यता दिलेली नाही. पाकिस्तानी पारपत्रावर ते इस्रायल वगळता जगातील सर्व देशांसाठी वैध असल्याचा उल्लेख असतो. या दोन देशांमध्ये सामाईक सीमा नाही, परस्परांच्या भूभागावर कोणताही दावा नाही आणि त्यांच्यात कधीही घोषित युद्ध झालेले नाही. त्यामुळे मान्यतेचा प्रश्न द्विपक्षीय वादापेक्षा पॅलेस्टाईनचा प्रश्न, काश्मीरविषयीची पाकिस्तानची भूमिका आणि पाकिस्तानातील अंतर्गत राजकारण यांच्याशी अधिक निगडित आहे. मान्यतेच्या अभावीही दोन्ही देशांच्या मुत्सद्द्यांमध्ये व नागरिकांमध्ये वेळोवेळी संपर्क झालेला आहे.

मान्यता आणि राजनैतिक संबंध

आंतरराष्ट्रीय कायद्यात एखाद्या राष्ट्राला मान्यता देणे आणि त्याच्याशी राजनैतिक संबंध प्रस्थापित करणे या दोन वेगळ्या कृती मानल्या जातात. भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली. परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. मधल्या काळात मुंबईत इस्रायलचा वाणिज्य दूतावास कार्यरत होता. पाकिस्तानने यांपैकी पहिली पायरीही ओलांडलेली नाही. संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाल्यामुळे इतर सदस्यांनी त्या राष्ट्राला मान्यता दिलीच पाहिजे, असे बंधन नसते. म्हणूनच इस्रायल मे १९४९ पासून संयुक्त राष्ट्रांचा सदस्य असूनही आणि दोन्ही देशांचे प्रतिनिधी एकाच सभागृहात बसत असूनही ही स्थिती कायम राहू शकली.

पार्श्वभूमी

दोन्ही राष्ट्रांच्या निर्मितीत काही साम्ये आढळतात. ब्रिटिश सत्तेची माघार, भूभागाची फाळणी, मोठ्या प्रमाणावरील स्थलांतर आणि धार्मिक ओळखीवर आधारलेली राष्ट्रीय चळवळ हे घटक दोन्हीकडे होते. या साम्याचा उल्लेख पाकिस्तानचे लष्करी शासक झिया-उल-हक यांनीही केला होता. तथापि या साम्यातून जवळीक निर्माण झाली नाही. अखिल भारतीय मुस्लिम लीगने १९३० च्या दशकापासूनच पॅलेस्टाईनमधील अरबांच्या बाजूने भूमिका घेतली होती आणि पाकिस्तानच्या निर्मितीनंतर तीच देशाच्या परराष्ट्र धोरणाचा भाग बनली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. १० देश तटस्थ राहिले. पाकिस्तान आणि भारत या दोन्ही देशांनी ठरावाच्या विरोधात मतदान केले. पाकिस्तानची बाजू मुहम्मद झफरुल्ला खान यांनी मांडली. पुढे ते पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री झाले. मुहम्मद अली जिना यांनीही अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्याकडे फाळणीच्या निर्णयाविरुद्ध आवाहन केले होते.

इतिहास

१९४८ ते १९९१

१४ मे १९४८ रोजी इस्रायलच्या स्थापनेची घोषणा झाली. सुरुवातीच्या वर्षांत संपर्काचे काही प्रयत्न झाले. १९५३ मध्ये इस्रायलचे मुत्सद्दी अब्बा एबन आणि झफरुल्ला खान यांची न्यूयॉर्क येथे भेट झाली; मात्र त्यातून मान्यतेचा मार्ग खुला झाला नाही.

१९६७ च्या अरब–इस्रायल युद्धात पाकिस्तान हवाई दलाचे वैमानिक सैफुल आझम यांनी जॉर्डन व इराक यांच्या बाजूने विमाने चालवली आणि इस्रायली विमाने पाडली. मूळचे बंगालचे असलेले आझम पुढे बांगलादेश हवाई दलात रुजू झाले. १९७३ च्या युद्धानंतर सीरियाच्या आघाडीवरही पाकिस्तानी वैमानिक तैनात होते.

ऑगस्ट १९६९ मध्ये जेरुसलेममधील अल-अक्सा मशिदीत लावण्यात आलेल्या आगीनंतर रबात येथे इस्लामी देशांची पहिली शिखर परिषद भरली. दुसरी परिषद फेब्रुवारी १९७४ मध्ये झुल्फिकार अली भुट्टो यांच्या पुढाकाराने लाहोर येथे झाली. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफात तिला उपस्थित होते. याच परिषदेच्या निमित्ताने पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली. १९८८ मध्ये पाकिस्तानने पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता दिली.

१९८१ मध्ये इस्रायलने इराकची अणुभट्टी हवाई हल्ल्यात नष्ट केली. त्यानंतर आपल्या कहुटा येथील अणुकेंद्रावरही असाच हल्ला होईल, अशी भीती पाकिस्तानात निर्माण झाली. मे १९९८ मध्ये पाकिस्तानच्या अणुचाचण्यांपूर्वी ही शंका पुन्हा व्यक्त झाली. इस्रायलने असा कोणताही हेतू असल्याचा इन्कार केला.

२००५ मधील संपर्क

अध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांनी २००३ मध्ये इस्रायलला मान्यता देण्याच्या प्रश्नावर देशात चर्चा व्हावी, असे सुचवले. इस्रायलने गाझा पट्टीतील आपल्या वसाहती रिकाम्या केल्यानंतर, १ सप्टेंबर २००५ रोजी दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी आणि सिल्वन शालोम तुर्कस्तानच्या मध्यस्थीने इस्तंबूल येथे भेटले. दोन्ही देशांमधील ही पहिली जाहीर उच्चस्तरीय भेट होती. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या शिखर परिषदेदरम्यान मुशर्रफ आणि इस्रायलचे पंतप्रधान एरिएल शरॉन यांनी हस्तांदोलन केले. त्यानंतर मुशर्रफ यांनी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी ज्यू समुदायाच्या सभेत भाषण केले. पाकिस्तानातील धार्मिक पक्षांनी या घडामोडींचा निषेध केला. स्वतंत्र पॅलेस्टाईन राष्ट्र अस्तित्वात आल्याखेरीज मान्यता दिली जाणार नाही, असे सरकारने स्पष्ट केले आणि प्रक्रिया पुढे सरकली नाही.

२०१६ नंतर

थेट संपर्काच्या अभावाचे धोके डिसेंबर २०१६ मधील एका घटनेतून दिसून आले. इस्रायलने पाकिस्तानला अण्वस्त्रहल्ल्याची धमकी दिल्याची बनावट बातमी एका संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली. ती खरी मानून पाकिस्तानचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी ट्विटरवरून पाकिस्तानही अण्वस्त्रसज्ज असल्याची आठवण इस्रायलला करून दिली. बातमी पूर्णतः खोटी असल्याचे इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाला त्याच माध्यमातून जाहीरपणे सांगावे लागले.

सप्टेंबर २०२० मध्ये संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांनी इस्रायलशी अब्राहम करारांवर स्वाक्षऱ्या केल्या. त्याआधी ऑगस्टमध्येच पंतप्रधान इम्रान खान यांनी पॅलेस्टिनींना न्याय्य तोडगा मिळेपर्यंत पाकिस्तान इस्रायलला मान्यता देणार नाही, असे सांगितले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या गाझा युद्धात पाकिस्तानने इस्रायलच्या कारवाईचा निषेध केला आणि गाझासाठी मदतसामग्री पाठवली.

मान्यतेविषयीचे युक्तिवाद

पाकिस्तानची अधिकृत भूमिका १९६७ पूर्वीच्या सीमांवर आधारित आणि जेरुसलेम राजधानी असलेल्या स्वतंत्र पॅलेस्टाईन राष्ट्राची मागणी करते. या भूमिकेचे समर्थक तिचा संबंध काश्मीरशी जोडतात. पॅलेस्टिनींचा स्वयंनिर्णयाचा हक्क सोडून दिल्यास काश्मीरविषयी तीच मागणी करण्याचा नैतिक आधार राहणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. इम्रान खान यांनीही तो मांडला होता.

मान्यतेच्या बाजूने बोलणारे इजिप्त (१९७९) आणि जॉर्डन (१९९४) यांनी इस्रायलशी केलेल्या शांतता करारांकडे लक्ष वेधतात. इस्रायलशी थेट लढलेल्या देशांनी जे स्वीकारले, ते पाकिस्तानने नाकारावे का, असा त्यांचा प्रश्न आहे. इस्रायल हा भारताचा प्रमुख शस्त्रपुरवठादार असल्याने संवादाचा मार्ग खुला ठेवणे पाकिस्तानच्या हिताचे ठरेल, असेही ते म्हणतात. यावर, मान्यता ही वाटाघाटीतील महत्त्वाची बाब असून ती मोबदल्याविना देऊ नये, असे विरोधकांचे उत्तर असते.

नागरिकांमधील संबंध

शासकीय संबंध नसल्याने व्यक्तिगत मैत्रीलाही राजकीय अर्थ प्राप्त होतो. २००२ मध्ये पाकिस्तानचे टेनिसपटू ऐसाम-उल-हक कुरेशी आणि इस्रायलचे अमीर हदाद यांनी विम्बल्डनमध्ये पुरुष दुहेरीत जोडीने खेळून तिसरी फेरी गाठली. पाकिस्तानातील क्रीडा अधिकाऱ्यांनी कुरेशी यांच्यावर टीका केली आणि त्यांना बंदीचा इशारा दिला. तरीही त्याच वर्षी ही जोडी अमेरिकन ओपन स्पर्धेत पुन्हा उतरली. या सहकार्याबद्दल दोघांना व्यावसायिक टेनिस संघटनेचा आर्थर ॲश मानवतावादी पुरस्कार मिळाला. पुढे कुरेशी यांनी भारताच्या रोहन बोपण्णा यांच्यासह २०१० च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत दुहेरीची अंतिम फेरी गाठली.

मे २०२२ मध्ये पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांचा समावेश असलेल्या एका शिष्टमंडळाने इस्रायलला भेट दिली आणि अध्यक्ष आयझॅक हर्झॉग यांची भेट घेतली. या दौऱ्यात सहभागी झालेल्या एका पत्रकाराला पाकिस्तानच्या सरकारी दूरचित्रवाहिनीवरील काम गमवावे लागले. आपला या दौऱ्याशी संबंध नसल्याचे पाकिस्तान सरकारने स्पष्ट केले.

कराचीतील ज्यू समुदाय

ब्रिटिश काळात कराचीमध्ये ज्यूंची लहानशी वस्ती होती. त्यात कोकणातून गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलींचे प्रमाण मोठे होते. १८९३ मध्ये कराचीत बांधण्यात आलेल्या मागेन शालोम या सिनेगॉगशी उमेरडेकर या बेने इस्रायली कुटुंबाचे नाव जोडलेले आहे. त्याच समाजातील अब्राहम रूबेन हे १९३६ मध्ये कराची महानगरपालिकेचे सदस्य झाले.

१९४८ नंतर आणि त्यापुढील अरब–इस्रायल युद्धांच्या काळात वाढलेल्या असुरक्षिततेमुळे बहुतेक कुटुंबे भारत, इस्रायल व इतर देशांत स्थलांतरित झाली. मागेन शालोम सिनेगॉग १९८८ मध्ये पाडण्यात आले आणि त्या जागी व्यापारी इमारत उभी राहिली. कराचीच्या मेवा शाह दफनभूमीतील ज्यू कबरी हा या समुदायाचा उरलेला ठळक अवशेष आहे. इस्रायलमधील रामला या शहरात कराचीहून आलेल्या ज्यूंनी उभारलेल्या सिनेगॉगला मागेन शालोम हेच नाव देण्यात आले.

हे सुद्धा पहा

भारत–इस्रायल संबंध
पाकिस्तानचे परराष्ट्र संबंध
पॅलेस्टाईन
अब्राहम करार
बेने इस्रायल