गळ, तळं आणि वही : इसापूरच्या काठावरून थोडा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. गळ टाकून बसणं आपल्याकडे रिकामटेकडेपणात जमा होतं. कळमनुरीकडचा पोरगा काठी-दोरा घेऊन कयाधूवर किंवा इसापूरच्या पाण्यावर निघाला, की घरचे म्हणणार, त्यापेक्षा पुस्तक धर. आम्ही आज या पोराची बाजू घेणार आहोत, पण एका अटीवर. त्याच्या हातात गळाबरोबर एक वहीही हवी. ती का, हे सांगायला आठ-नऊशे वर्षं मागे जावं लागेल.

आधी जागा समजून घेऊ. कळमनुरी हा हिंगोली जिल्ह्याचा तालुका. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ही सगळी परभणीची माणसं. उत्तरेला पैनगंगा वाहते. तिच्या पलीकडे पुसद, म्हणजे वऱ्हाड, आणि अलीकडे मराठवाडा. इंग्रजांच्या काळात पलीकडचा कारभार त्यांच्याकडे, अलीकडे निजामाचं राज्य. पाणी एक, काठ दोन, कायदे दोन. याच नदीवर ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचं इसापूर धरण झालं, 1982 साली. हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तिन्ही जिल्ह्यांची शेती त्यावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हाही या जलाशयात पाणी उभं असतं, आणि पाणी आहे तिथे मासा आहे.

आता समजा, इथल्या पोरांनी गळाने मासे धरणाऱ्यांचं एक मंडळ काढलं आणि तळं राखायचं ठरवलं. पहिलं काम कोणतं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : माशांचं बियाणं आणून पाण्यात सोडा. आम्हाला हे उत्तर धोक्याचं वाटतं.

गळाचा छंद साहेबाने आणला, असा एक समज आहे. तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. आजच्या मराठवाड्याचा बराच भाग तेव्हा चालुक्यांच्या सत्तेखाली होता. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ ओळखीचा आहे, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात याचा जुना उल्लेख त्यात सापडतो. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींचा एक मोठा विभाग आहे आणि त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. विनोद म्हणजे इथे थट्टा नव्हे, मन रमवणं.

राजा काय सांगतो बघा. तिसाहून अधिक जातींचे मासे तो नावानिशी देतो. कोणता समुद्रातला, कोणता नदीतला, कोणाला खवले आहेत, कोणाला नुसती कातडी, मोठा कोण, लहान कोण, अशी त्याची विभागणी आहे. कोणत्या माशाला काय चारायचं, दोरा कसला, काठी कशी, हेही येतं. 1951 मध्ये सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणावर इंग्रजीत लेख लिहिला. होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्याचे संचालक, माशांचे मोठे अभ्यासक. अशा माणसाला बाराव्या शतकातल्या राजाचं टिपण गंभीरपणे वाचावंसं वाटलं, कारण त्यात पाहून लिहिलेलं बरंच आहे. आमच्या मते या प्रकरणाची खरी किंमत राजाच्या करमणुकीत नाही, यादीत आहे. अर्थात राजाला ही नावं आणि सवयी कोणी सांगितल्या असतील? काठावरच्या भोई-धीवरांनीच. त्यांची नावं मात्र ग्रंथात नाहीत. हा हिशेब अजून बाकी आहे.

मधली शतकं भरभर ओलांडू. डोहातला मासा देवाचा मानून राखण्याची पद्धत आपल्याकडे होती आणि आहे. महाडजवळचं वाळणकोंड, वाडा तालुक्यातलं वैतरणेकाठचं तिळसे, इथले मासे कोणी मारत नाही. 1839 च्या सुमारास कर्नल साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीर माशाचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावात 'खुद्री' हा शब्द घातला. म्हणजे दख्खनचा महसीर जगाच्या पुस्तकात गेला तो आपल्या नदीतून. मग 1873 मध्ये मद्रासकडचा अधिकारी एच. एस. थॉमस याने भारतातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं. विष टाकून, बारीक जाळ्यांनी मासे मारण्याविरुद्ध तो वर्षानुवर्षं बोलत राहिला. 1897 मध्ये भारतीय मत्स्य कायदा झाला. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारले तर दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्या काळातले दोनशे, लक्षात घ्या. साहेबाचा हेतू निखळ नव्हता, त्याला स्वतःच्या गळासाठी मासा शिल्लक हवा होता. तरी नियम चांगला होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन आली, 1955 पासून. पवईचा तलाव 1891 चा. बांधला पिण्याच्या पाण्यासाठी, पण ते पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. भोवती शहर वाढलं, सांडपाणी आलं, जलपर्णी माजली. अशा तलावाकडे रोज बघणारं कोणी असेल तर गळ टाकणारा. पाण्याचा रंग बदलला, मासा तोंड वर काढायला लागला, हे त्याला आधी कळतं.

आता लोणावळ्याला येऊ, कारण आमच्या सांगण्याचा गाभा इथून सुरू होतो. महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी टाटांच्या वीज कंपनीच्या लोणावळा केंद्रात 1970 च्या दशकात महसीरची कृत्रिम पैदास जमवली. धरणांमुळे महसीरच्या अंडी घालण्याच्या वाटा बंद झाल्या होत्या, मासा संपत चालला होता. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ओगले यांनी असंही दाखवलं, की महसीरची अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानानेही दूर पाठवता येतात. पाण्याची टाकी नको, काही नको! ही कामगिरी फार मोठी होती. लोणावळ्याची पिल्लं देशभर गेली.

त्यातली काही कर्नाटकात कावेरीत गेली. कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीला कुबड असलेला, अवाढव्य, जगभरचे शौकीन ज्याच्यासाठी येत तो. नदीतला मासा कमी होतोय म्हणून तिथल्या गळवाल्यांनी आणि सरकारने निळसर पराचा दख्खनी महसीर सोडला. हेतू निर्मळ होता. दोन्ही महसीरच, मग बिघडलं कुठे?

हे कळलं ते वहीमुळे. कावेरीकाठच्या छावणीत पकडलेला प्रत्येक मासा मोजून, लिहून परत सोडायची शिस्त होती. 1998 ते 2012 या काळातल्या 6,161 माशांच्या नोंदी अभ्यासकांनी 2015 मध्ये तपासल्या. बाहेरून आलेला निळ्या पराचा मासा वाढत गेलेला, आणि कुबडवाला जवळजवळ नाहीसा. नुसती एकूण संख्या पाहिली असती तर कोणीही म्हणालं असतं, वा, महसीर वाढला! 2018 मध्ये कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर असल्याचं जाहीर झालं. गंमत, म्हणजे वाईट गंमत अशी, की 2012 नंतर त्या अभयारण्यात गळाला बंदी आली आणि माशाबरोबर नोंदीही थांबल्या.

म्हणून आम्ही बियाणं सोडण्याच्या उत्साहाला घाबरतो. उलटं उदाहरण आपल्याच राज्यात, भंडारा-गोंदियाच्या जुन्या तलावांवर आहे. तिथल्या धीवरांनी पाणी ओसरल्यावर तलावाच्या पोटातली बेशरम उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या. माशाला घर मिळालं, देशी जाती परतल्या, पक्षी आले. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा राहतो हे त्यांना ठाऊक होतं. सोमेश्वराच्या यादीमागचंच ज्ञान ते, फक्त या वेळी काम करणाऱ्यांच्या स्वतःच्या हातात.

तेव्हा इसापूरच्या पोरांचं मंडळ निघालंच, तर त्यांनी आधी काठावरच्या मासेमार सोसायटीच्या म्हाताऱ्यांकडे जावं. दादा, धरण व्हायच्या आधी पैनगंगेत काय काय मिळायचं, हे विचारावं आणि नावं जशी सांगतील तशी लिहावीत. पाणी त्यांच्या पोटाचं आहे, आपल्या छंदाचं नंतर. वन खात्याकडेही जावं, कारण यवतमाळच्या बाजूला इसापूर अभयारण्य आहे आणि कावेरीवर काय झालं ते आपण आत्ताच पाहिलं. पहिल्या पावसात ओढ्यांतून चढणीचे मासे वर येतात, त्यांच्या पोटात अंडी असतात. ते दिवस गळ घरी, वही तेवढी बरोबर.

आणि वहीत फार काही नको. तारीख, जागा, किती वेळ बसलो, काय लागलं, लांबी किती, सोडला की नेला. काहीच लागलं नाही तर तेही लिहायचं, पोरं नेमकं तेच लिहीत नाहीत. दहा वर्षांनी कोणी विचारलं, इसापुरात मरळ कमी झाली का हो, तर उघडायला काहीतरी असेल.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.