पंचनाम्यात न मावलेलं वादळ

गेल्या आठवड्यात माळा साफ करताना माझी २०२० सालची डायरी सापडली. पानं पावसाने फुगलेली, शाई पसरलेली. ३ जूनच्या पानावर वाऱ्याचा वेग, ५ जूनच्या पानावर मुख्यमंत्र्यांचा अलिबाग दौरा आणि रायगडसाठी १०० कोटींची घोषणा. बातमीला लागतं ते सगळं होतं. पण पुढच्या पानांवर भलत्याच नोंदी दिसल्या. 'गिरणी बंद.' 'रहाटाला दोर नाही.' 'मेणबत्ती संपली.' यातलं तेव्हा फारसं काही छापून आलं नाही. एकदा गिरणीची बातमी पाठवली, तर "दौऱ्याचा फोटो आहे का?" एवढंच विचारलं गेलं. आणि खरं सांगतो, मीही पुन्हा आग्रह धरला नाही.

आपलं श्रीवर्धन म्हणजे पेशव्यांचं गाव. बाळाजी विश्वनाथांचं घराणं इथलं. आपल्याला त्यांची वंशावळ पाठ असते, पण आपण स्वतः सहा वर्षांपूर्वीचे दोन महिने कसे काढले ते मुलांना नीट सांगता येत नाही. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा.

निसर्ग चक्रीवादळाची सरकारदरबारी नोंद चोख आहे. नाव बांगलादेशने सुचवलेलं, नव्या यादीतलं पहिलंच. बुधवारी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्याला लागलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आपल्याला वादळ अगदीच नवीन नव्हतं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान येऊन गेलं होतं, त्यात कोकणातल्या मच्छीमारांनी फार सोसलं. पण निसर्ग थेट घरात शिरलं. दोन-तीन तासांत संपलंही. खरी परीक्षा संध्याकाळी सुरू झाली.

लाईट नव्हती, फोन मेलेले. बातमी पाठवायला मला दुचाकी घेऊन रेंज सापडेपर्यंत म्हसळ्याच्या पुढे जावं लागायचं, तेही पडलेली झाडं ओलांडत. आठवड्याभरात, ११ जूनच्या सुमारास मान्सून कोकणात उतरला. म्हणजे छप्पर उडालेलं, आणि वर पावसाळा. त्यात कोरोना. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना ज्या शाळांत ठेवलं होतं, त्यातल्या काही शाळांचेच पत्रे उडाले. एरवी गावावर संकट आलं की मुंबईकर पोरं पहिल्या गाडीने येतात. त्या वेळी येणारही भीत होते आणि गावही भीत होतं.

तेव्हा सगळे म्हणत होते, "आपण पन्नास वर्षं मागं गेलो." डायरी वाचल्यावर मला वाटतं, हे अर्धंच खरं आहे. आपण आजोबांच्या दिवसांत गेलो, पण आजोबांची हत्यारं आपल्याकडे नव्हती.

पाण्याचंच बघा. विहिरी तुडुंब होत्या, पण पंप आल्यावर आपण रहाट काढून टाकले होते. नळपाणी योजना विजेवर, म्हणजे तीही बंद. विहिरीत पाणी दिसतंय आणि घागर भरायला दोर शोधत माणसं फिरतायत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी कोणी होडीचा दोर आणला.

भाकरीचंही तेच. घरात तांदूळ होता, पीठ नव्हतं. आमच्या आईने परसातलं जातं धुऊन घेतलं. त्याचा खुंटा कधीच मोडलेला. शेजारच्यांनी काठी तासून बसवली आणि पुढचे कित्येक दिवस चार घरांचं दळण त्या एका जात्यावर झालं. आई म्हणायची, "दळायला मी आहे रे, पण तुमच्या बायकांना दळता येत नाही त्याचं काय?"

छपराचंही तसंच. जुन्या काळी गवत, झावळ्या किंवा कौलं. फुटलं तर गावातलीच माणसं शाकारायची. आता पत्रा लागतो, तो शहरातून येतो, त्याला ट्रक लागतो. मागणी वाढली तसा पत्र्याचा भावही चढला. अंगणात नारळाच्या झावळ्यांचा डोंगर पडलेला आणि त्या विणणारे हात दोन-तीन म्हाताऱ्यांचेच उरलेले.

आता वाडीबद्दल. इथे खरी जखम आहे.

श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव सगळीकडे आहे. पण वाडी म्हणजे नुसती सुपारी नाही. नारळाच्या आणि सुपारीच्या सावलीत जायफळ, मिरी, केळी असतात. उंच झाडं आडवी झाल्यावर जी खालची झाडं वाचली, तीही पुढच्या उन्हात करपली. सुपारी म्हणजे आपल्याकडे घरातली बँक. पोराची फी, मुलीचं लग्न, दवाखाना, सगळं तिच्यावर. नवीन रोपाला फळ धरायला पाच-सहा वर्षं, नारळाला त्याहूनही जास्त.

सरकारने बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५ हजार १०० ऐवजी दीड लाख केले. वाढ मोठी होती, नाकारत नाही. पण कोकणात हेक्टर आहे कोणाकडे? आपली वाडी गुंठ्यात. एका हेक्टरमध्ये साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. दहा गुंठ्यांची वाडी झोपली तर हातात पाच हजार. शिवाय सातबारावर आजोबांचं नाव, वारस पाच, त्यातले तीन मुंबईला. सह्या कोणाच्या आणायच्या? पडलेली झाडंही पंचनामा होईपर्यंत हलवायची भीती. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, कृषी सहायक दिवसरात्र फिरत होते, त्यांना दोष देत नाही. कागदच त्या मापाचा होता.

एका दुपारी आमच्या आळीत पंचनामा चालू होता. सुपारी सोलायला जाणाऱ्या एक काकी बाजूला उभ्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, झाडं त्यांची गेली, ती लिहितायत. माझी मजुरी गेली, ती कुठच्या रकान्यात लिहिणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यांच्या नावावर झाड नव्हतं, जमीन नव्हती. म्हणजे कागदानुसार त्यांचं काहीच गेलं नाही. सोलणाऱ्या बायका, झाडावर चढणारे पाडेकरी, वाडी शिंपणारे गडी, यांचं नुकसान किती वर्षांचं? बाग पुन्हा धरेपर्यंतचं. त्यातले काही गाव सोडून गेले ते परतले नाहीत. त्यांची नोंद माझ्या डायरीतही नाही. डायरी मिटताना याचीच जास्त लाज वाटली.

मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा नुकती उभी राहिलेली छपरं धरून आपण पुन्हा रात्र काढली. म्हणजे हे एकदाच होणार नाही, हे आता लहान पोरालाही कळतं.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. एक, येत्या ग्रामसभेत साधी वही करा. कोणत्या विहिरीला रहाट आहे, जनरेटर कोणाकडे, झाड कापायची मशीन कोणाकडे, एकटे म्हातारे कोणत्या घरात, आणि मजुरीवर जगणारी घरं कोणती. शेवटचा रकाना विसरू नका. पुढच्या वेळी मदत मागताना हातात कागद असेल. दोन, तुमच्याकडे त्या दिवसांचं जे काही असेल ते जपा. फोटो, हिशेब, उधारीची वही, काहीही.

आमच्या आईने २०२० चं कालनिर्णय फेकलेलं नाही. जुलैच्या पानावर एका चौकोनात पेन्सिलीने दोनच शब्द आहेत, 'लाईट आली'. त्या पावसात तिने लावलेल्या रोपांपैकी काहींना यंदा पहिल्यांदा सुपारी धरलीय. परवा ती काकींना सांगून आली, "सोलायला तूच ये हो."