चोखा ‘म्हणे’, पण लिहिले कोणी? सोलापूर जिल्ह्यातील संतांच्या लेखनिकांची गोष्ट

१/
मंगळवेढ्याच्या चोखोबांचे अभंग आज छापील गाथेत वाचावयास मिळतात. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, मंदिराची पायरी चढण्याची मुभा नसलेल्या या माणसाला अक्षरज्ञान मिळण्याची सोय तेराव्या-चौदाव्या शतकात नव्हती. मग हे शब्द कागदावर उतरले कसे? परंपरेने या प्रश्नाचे उत्तर एका नावात दिले आहे: अनंतभट्ट.

२/
हे नाव जनाबाईंच्या नावावर असलेल्या एका अभंगात येते. संतांचे बोल कोणी लिहून घेतले, याची ती यादीच आहे. ज्ञानेश्वरांचे लेखन चिदानंदबाबांनी केले, निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेवांनी लिहिले, मुक्ताईची वचने ज्ञानदेवांनी लिहिली. चांगदेवांचा लेखनिक श्यामा कासार, सावता माळ्याचा काशिबा गुरव, चोखामेळ्याचा अनंतभट्ट. मराठीतील लेखनिकांची ही बहुधा सर्वांत जुनी श्रेयनामावली असावी.

३/
यादीतील तीन धागे आजच्या सोलापूर जिल्ह्यात येतात. चोखोबा मंगळवेढ्याचे, सावता महाराज माढा तालुक्यातील अरणचे, आणि जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबणारी. जन्माने ती गंगाखेडची, पण तिचे आयुष्य गेले पंढरपुरात. एकाच भीमेच्या खोऱ्यात बोलणारे अनेक होते. लिहिणारे मात्र मोजके होते.

४/
‘लेखक’ हा शब्द तेव्हा आजच्या अर्थाने वापरला जात नव्हता. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० या वर्षाची नोंद आहे आणि सच्चिदानंदबाबा ‘लेखकु’ झाल्याचा उल्लेख आहे. रचणारे ज्ञानदेव, लेखक सच्चिदानंदबाबा. जो ऐकतो आणि ऐकले ते उतरवून घेतो, तो लेखक. सुमारे नऊ हजार ओव्या ज्याच्या हातून उतरल्या, त्याचे नाव ग्रंथातच नोंदवावे, इतका त्या कामाचा मान होता.

५/
अभंगाची रचना या कामाला अनुकूल होती. चरण आखूड, यमक ठरलेले, ध्रुपद कीर्तनात टाळकऱ्यांकडून पुन्हा पुन्हा घोळवले जाणारे. एखादा शब्द कानातून निसटला, तर पुढच्या आवर्तनात तो पकडता येई. आणि शेवटी येई ती नाममुद्रा: ‘चोखा म्हणे’, ‘सावता म्हणे’, ‘नामा म्हणे’.

६/
या नाममुद्रेकडे नीट पाहावे. ती ‘चोखा लिही’ अशी नाही, ‘म्हणे’ अशी आहे. हे बोललेले शब्द आहेत आणि ते अमुक माणसाचे आहेत, एवढी साक्ष तिच्यात आहे. लिहिणाऱ्याला तिथे जागाच ठेवलेली नाही. अनंतभट्टांनी कितीही अभंग उतरवले असले, तरी प्रत्येकाच्या शेवटी त्यांना स्वतःला पुसून दुसऱ्याचे नाव लिहावे लागले.

७/
येथे जगातील एक जुने उदाहरण आठवते. रोममध्ये सिसेरोचे शब्द टिरो लिहून घेत असे. टिरो हा त्याचा गुलाम होता, पुढे त्याला मुक्त करण्यात आले. लघुलेखनाच्या एका प्राचीन पद्धतीला त्याचेच नाव मिळाले. तिथे बोलणारा सत्ताधीश आणि लिहिणारा दास. मंगळवेढ्यात हे नाते उलटे झाले. बोलणारा महार, आणि नावावरून पाहता लिहिणारा ब्राह्मण. समाजाने ज्याचा स्पर्श वर्ज्य ठरवला, त्याचे शब्द जसेच्या तसे टिपण्यासाठी एका भट्टाला त्याच्यासमोर बसावे लागले असेल.

८/
मग शंका येतेच. लेखणी एका जातीच्या हाती आणि वाणी दुसऱ्या जातीची असेल, तर लिहिताना बोल सौम्य केले गेले नसतील कशावरून? बोचरा शब्द गाळणे, ग्राम्य वळण ‘शुद्ध’ करणे, तक्रारीची प्रार्थना करून टाकणे, हे मोह प्रत्येक काळातील लेखनिकासमोर असतात. न्यायालयात साक्ष टिपणाऱ्या किंवा मुलाखतीची ध्वनिफीत उतरवणाऱ्या आजच्या माणसालाही ते चुकलेले नाहीत.

९/
याचे उत्तर अभंगांतच शोधावे लागते. चोखोबांच्या अभंगांत त्यांची जात लपवलेली नाही, तिचा उच्चार थेट आहे. विटाळ म्हणजे काय, हा प्रश्न तेथे आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो: आम्हांला हीन कुळात घातलेस आणि उष्ट्यावर जगायला लावलेस, याची तुला लाज कशी वाटत नाही? पत्नी सोयराबाई देहाच्या विटाळाचा विचार मांडते. देहावाचून कोणी जन्मलेला नाही, मग विटाळ एकट्याचा कसा, असा तिचा रोख आहे. इतकी धार शेकडो वर्षे टिकली, याचा अर्थ वाटेत ती बोथट न करणारे हात होते.

१०/
अर्थात हे हात अनेक होते. अनंतभट्टांच्या किंवा काशिबांच्या हातचे मूळ लेखन आज उपलब्ध नाही. आपल्यापर्यंत आलेले अभंग कीर्तनकारांच्या मुखातून, वारकऱ्यांच्या बाडांतून, नकलांच्या नकलांतून आले. सावता महाराजांचे तर जेमतेम सदतीस अभंग उरले आहेत. लेखनिकांची यादी सांगणारा जनाबाईंचा अभंगही याच वाटेने आला. त्यामुळे इतिहासाचा अभ्यासक तो पुरावा म्हणून जपून वापरतो: व्यक्तींबद्दल तो शेवटचा शब्द नव्हे, पण संतांचे बोल कोणीतरी लिहून घेत होते आणि त्यांची नावे लोकांना आठवणीत ठेवावीशी वाटली, याबद्दल तो ठाम साक्षीदार आहे.

११/
नकलेत शब्द बिघडतात, ही जाणीव मराठीला फार लवकर झाली. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. पाठांतरांमुळे मूळ ग्रंथात अशुद्धे शिरली होती. काम संपवताना त्यांनी एक इशारा देऊन ठेवला: या ग्रंथात जो आपली ओवी घुसवील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. स्वतः मोठे कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या शब्दापुढे घातलेली ही मर्यादा आहे.

१२/
त्याहूनही काटेकोर पद्धत महानुभावांकडे दिसते. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना म्हाइंभट एकाच माणसावर विसंबले नाहीत. ज्यांनी प्रसंग पाहिला, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारले आणि नागदेवाचार्यांकडून खातरजमा करून घेतली. ‘लीळाचरित्रा’त प्रसंग कुठे घडला हे येते, संवाद बोलीत येतो आणि आठवणींत फरक असेल तिथे वेगळा पाठही नोंदवलेला आढळतो. दोन साक्षीदारांत मेळ नसताना स्वतःच्या मताने एक निवडून दुसरा पुसायचा नाही, हे शहाणपण मराठी गद्याच्या आरंभीच आलेले आहे.

१३/
सतराव्या शतकात तुकोबांना संताजी जगनाडे लाभले. ते चाकणचे, तेली समाजातील. त्यांच्या वह्यांनी पुढच्या संशोधनाला आधार दिला. १८६९ आणि १८७३ मध्ये दोन खंडांत छापलेल्या तुकारामांच्या गाथेसाठी निरनिराळ्या ठिकाणची हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये संताजींच्या वहीच्या आधारे स्वतंत्र गाथा काढली आणि तिला ‘अस्सल’ म्हटले. शब्द कुणाचा हे ठरवण्यासाठी शेवटी ऐकणाऱ्याच्या वहीकडेच यावे लागले.

१४/
आता पुन्हा पंढरपूर. त्या यादीचा शेवट विलक्षण आहे. ज्ञानदेवांना लेखनिक होता, चोखोबांना होता, सावतोबांना होता. जनीचा लेखनिक कोण? अभंग सांगतो: स्वतः पांडुरंग. भक्त याकडे देवाची कृपा म्हणून पाहतात. इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर त्यात दुसरीही गोष्ट ऐकू येते. दळणकांडण करणाऱ्या दासीसमोर लेखणी घेऊन बसायला कोणी माणूस मिळाल्याची आठवण परंपरेकडे नव्हती. ती जागा देवाला भरावी लागली. आणि सोयराबाईच्या लेखनिकाचे नाव तर यादीत येतच नाही.

१५/
चोखोबांचा अंत १३३८ मध्ये मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना झाला, असे परंपरा सांगते. कोसळलेल्या भिंतीखालून नामदेवांनी त्यांच्या अस्थी ओळखून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पंढरपूरला जाणारा प्रत्येक जण त्या समाधीसमोरून जातो. सावता महाराजांच्या भेटीसाठी विठ्ठलाची पालखी आजही अरणला जाते.

१६/
अनंतभट्टांचे किंवा काशिबा गुरवांचे नाव नाममुद्रेत येत नाही. वारीच्या वाटेवर पुढच्या वेळी ‘चोखा म्हणे’ कानावर पडेल, तेव्हा त्या ‘म्हणे’पाशी क्षणभर थांबावे. कोणीतरी ते नीट ऐकले होते, आणि त्यात आपले काही मिसळले नव्हते.