छायाचित्रांतील रंगांची पारख

चांदीच्या क्षारांवर उमटविलेलीं छायाचित्रें कांहीं वर्षांतच विटूं लागलीं. त्याचीं कारणें शोधण्यास लंडनमध्यें १८५५ सालीं समिती नेमावी लागली. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें आल्फोन्स प्वातव्हँ यानें निराळी वाट दाखविली. बायक्रोमेट घातलेला डिंक प्रकाशानें घट्ट होतो. त्यांत रंगाची पूड खलून कागदास दिली असतां, प्रकाश न लागलेला भाग पाण्यानें धुऊन जातो व चित्र उरतें. काजळीचें चित्र उन्हास दाद देत नसे. पुढें १८९० नंतरच्या दशकांत ऑस्ट्रियाचे क्यून, हेनेबर्ग व वाट्झेक यांनीं निळा, तांबडा व पिवळा असे थर चढविले, तेव्हां खरी पारख सुरू झाली. किरमिजी किड्यांपासून काढलेला कारमाईन देखणा, पण उन्हानें उडतो, गेरू टिकतो. एक थर विटला कीं तिन्हींचा मेळ बिघडे, आणि ज्या नाशापासून सुटावयाचें तोच पुन्हां दारीं येई.