देवदूतांच्या नगरीचे भूजल

२ ऑगस्ट १७६९ रोजी कॅलिफोर्नियातून उत्तरेकडे निघालेल्या स्पॅनिश मोहिमेचा तळ एका नदीजवळ पडला. त्या दिवशी असिसीजवळील पोर्सियुंक्युला या मंदिराचा, म्हणजे देवदूतांची राणी मारिया हिचा सण होता. मोहिमेबरोबरचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू हुआन क्रेस्पी यांच्या रोजनिशीत नदीला हेच नाव मिळाले. पुढे ४ सप्टेंबर १७८१ रोजी ४४ वसाहतकारांनी तिच्या काठी गाव वसवले. तेच आजचे लॉस एंजेलिस.

नदीच्या वरच्या अंगाला, सॅन फर्नांडो खोऱ्यात, १७९७ मध्ये फ्रान्सिस्कनांचे मिशन उभे राहिले. १८१० साली मिशनने काहुएंगा येथे पाणी अडवले, तेव्हा गावाने तक्रार केली आणि आपल्या धर्मगुरूंना माघार घ्यावी लागली. हा जुना तंटा पुढे न्यायालयांत दाखला म्हणून वाचला गेला. स्पेनच्या कायद्याने नदीच्या पाण्यावर पहिला हक्क गावाचा, असा शहराचा दावा होता. खोऱ्यातील भूजल हे नदीचेच पाणी आहे, हेही शहराने १८९९ साली न्यायालयाकडून मान्य करून घेतले. इतिहासकार नॉरिस हंडली यांच्या मते असा निरपवाद हक्क स्पॅनिश कायद्यात नव्हताच. शिवाय तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या टोंग्वा लोकांना कोणी विचारले नाही, ते वेगळेच. तरीही १९५५ साली दाखल झालेल्या खटल्यात, १९७५ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराचा हक्क उचलून धरला. जानेवारी १९७९ मध्ये अंतिम हुकूमनामा निघाला.

पाण्याची मालकी ठरली. पाणी कसे आहे, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हता. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, खोऱ्यातील विहिरींत ट्रायक्लोरोएथिलीन आणि परक्लोरोएथिलीन ही द्रावणे सापडली. लॉकहीड कंपनी १९२८ पासून बरबँक येथे विमाने बांधत होती. धातूच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी अशी द्रावणे अनेक कारखान्यांत वापरली जात. ती गळत, सांडत, जमिनीवर ओतली जात. खोऱ्याची भूमी वाळू आणि गोट्यांची, त्यामुळे ती सहज खाली मुरली. ही द्रावणे पाण्यापेक्षा जड असल्याने तळाकडे उतरतात आणि तेथून वर्षानुवर्षे थोडी थोडी विरघळत राहतात. ट्रायक्लोरोएथिलीनपासून कर्करोगाचा धोका असतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा ते अधिक असू नये, अशी अमेरिकेतील मर्यादा आहे. इतके अल्प विष जिभेला कळत नाही.

एकामागून एक विहिरी बंद झाल्या. १९८६ मध्ये केंद्र सरकारने खोऱ्यातील चार क्षेत्रे ‘सुपरफंड’ यादीत घातली. नॉर्थ हॉलिवूडचे शुद्धीकरण केंद्र १९८९ मध्ये सुरू झाले, बरबँकचे १९९६ मध्ये. बरबँकच्या केंद्राची क्षमता मिनिटाला सुमारे ३४,००० लिटर. रीत समजायला सोपी आहे. दूषित पाणी उपसायचे, उंच मनोऱ्यातून खाली सोडायचे आणि समोरून हवा फुंकायची. द्रावणाची वाफ हवेबरोबर निघून जाते. उरलेसुरले सक्रिय कोळशाचे थर शोषून घेतात. उपशामुळे दूषित पाणी इतर विहिरींकडे सरकतही नाही. मात्र वाळूच्या कणांत अडकलेले द्रावण हळूहळूच सुटते, म्हणून हे काम दशकानुदशके चालते.

खर्च कोणी द्यायचा? ज्याने घाण केली त्याने, असे कायदा सांगतो. पण विमाने सरकारनेही विकत घेतली होती. म्हणून बरबँक आणि ग्लेनडेल येथील लॉकहीडच्या खर्चाचा सुमारे निम्मा वाटा उचलण्याचे सरकारने २००० साली मान्य केले. म्हणजे त्यात करदात्यांचा पैसा आला. त्यांतले कित्येक हेच पाणी पिणारे.

मध्यंतरी आणखी एक विष पुढे आले : धातूला मुलामा देण्याच्या कामातील षट्‌संयुजी क्रोमियम. त्याची वाफ होत नाही, त्यामुळे मनोऱ्यातील हवा त्याच्यापुढे निरुपयोगी ठरते. ऑक्टोबर २०२४ पासून कॅलिफोर्नियाने त्यासाठी लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची स्वतंत्र मर्यादा लागू केली. बरबँकचा विमान कारखाना १९९० च्या दशकाच्या आरंभीच बंद झाला होता.