खातं तेच, नोटा वेगळ्या

जुन्या मोटारींच्या शौकिनांविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं, ही माणसं रविवारी सकाळी ब्रासो लावून गाडी चकचकीत करतात, फेटेबिटे बांधून मिरवणुकीत चालवतात आणि संध्याकाळी ढकलत घरी आणतात. तसेही असतात. पण या पंथातले खरे उपासक निराळेच. त्यांच्याकडे पुष्कळदा गाडी नसतेच, वही असते. अमुक कंपनीनं अमुक इतक्या गाड्या बनवल्या, त्यांतली कुठली आज कुठे आहे, एवढा एकच हिशेब ते जन्मभर मांडत बसतात. आम्हां बँकेतल्या माणसांना संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जाऊन जेवण जात नाही. हे लोक पन्नास पन्नास वर्षं हिशेब न जुळलेल्या अवस्थेत सुखानं जेवतात.

उदाहरणादाखल बेंटले घ्या. (घ्या म्हणजे विकत नव्हे!) डब्ल्यू. ओ. बेंटले या इंग्रज गृहस्थानं 1919 साली कंपनी काढली आणि 1931 साली ती गाळात गेली. लिलावाच्या वेळी रोल्स-रॉइसनं पडद्याआडून बोली लावून ती उचलली. मधल्या बारा वर्षांत गाड्या झाल्या सुमारे तीन हजार. म्हणजे आमच्या एखाद्या मध्यम शाखेतल्या सेव्हिंग खात्यांपेक्षाही कमी. पण प्रत्येकीचं खातं आजतागायत चालू आहे!

त्याला कारण आहे. त्या काळी कंपनी पुरी गाडी विकतच नसे. ती द्यायची नुसती चेसिस. चाकं, इंजिन, स्टिअरिंग लावलेला लोखंडी सांगाडा. तो घेऊन गिऱ्हाइकानं बॉडी बांधणाऱ्याकडे जायचं आणि आपल्या ऐपतीप्रमाणे वर डबा बसवून घ्यायचा. कापड एका दुकानातून घ्यायचं आणि शिलाई दुसरीकडे टाकायची, तसला प्रकार. त्यामुळे गाडीची ओळख म्हणजे चेसिस नंबर. शिवाय कंपनीची चेसिसवर पाच वर्षांची गॅरंटी असे. कुठली चेसिस कधी दुरुस्तीला आली, काय बदललं, याच्या नोंदी ठेवणं भागच होतं. त्या सर्व्हिसच्या नोंदी टिकल्या. 1936 साली बेंटले ड्रायव्हर्स क्लब निघाला, आणि नोंदवह्यांना वाचणारे भक्तही मिळाले.

तपासाचं दुसरं साधन म्हणजे नंबरप्लेट. इंग्लंडात गाडीचा मालक बदलला, गाव बदललं, तरी सहसा नंबर तोच राहतो. म्हणून जुन्या फोटोतली नुसती नंबरप्लेट वाचता आली की चेसिस सापडते. पूर्वी हे फोटो क्लबच्या मासिकातून, पत्रापत्री करून हिंडायचे. आता इंटरनेटवर कुणीतरी आजोबांचा हनिमूनचा फोटो टाकतो. बिचाऱ्याला आजी कशी देखणी होती ते दाखवायचं असतं. पण तासाभरात तीन खंडांतून तिघे जण विचारतात, “मागच्या गाडीचा डावा दिवा जरा मोठा करून दाखवता का?” आजीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

असल्या चिकाटीनं काय उलथापालथ होते बघा. बेंटले कंपनीचा चेअरमन वुल्फ बार्नाटो. बापानं किंबर्लीच्या हिऱ्यांत पैसा केलेला, मुलानं तो मोटारींत घातला. मार्च 1930 मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कान येथे, जेवता जेवता यानं पैज लावली की, तिथून सुटणारी ‘ब्लू ट्रेन’ उत्तरेला कॅले बंदरात पोचायच्या आत आपण गाडीनं निघून, समुद्र ओलांडून, लंडनच्या आपल्या क्लबात जाऊन बसू. आणि बसला! हकिगत अशी सांगतात की चार मिनिटं राखून.

पुढे कित्येक वर्षं जग धरून चाललं होतं की ती गाडी म्हणजे गर्नी नटिंग या बॉडीवाल्यानं बांधलेली, पाठ उतरती असलेली झोकदार कूपे. टेरेन्स क्युनिओसारख्या नामांकित चित्रकारानं त्या कूपेचं आगगाडीशी शर्यत लावतानाचं चित्रही काढलं. मग कुणीतरी तारखा लावून पाहिल्या. शर्यत मार्चमधली. आणि कूपे तयार होऊन मालकाच्या ताब्यात आली मे महिन्यात! आमच्याकडे एखादं व्हाउचर असं निघालं असतं तर नुसत्या मेमोवर भागलं नसतं. शर्यतीत धावली होती ती बार्नाटोचीच दुसरी गाडी, मलिनर यांनी बांधलेली चौकोनी, पोक्त सलून. दिसायला एखाद्या निवृत्त सबजज्जासारखी. आणि ही झडती घेतली कुणी, तर कूपेच्या मालकानंच! स्वतःच्या तिजोरीतला दागिना स्वतः कसावर घासून पाहणारा असा माणूस विरळा. त्यानं पुढे ती सलूनही मिळवली. गाजलेली आणि धावलेली, दोघी एका घरात नांदू लागल्या.

पण या सगळ्या पंथाला घाम फुटला तो 1990 साली, लंडनच्या हायकोर्टात. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची स्पीड सिक्स बेंटले. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. तिचा सौदा ठरला एक कोटी पौंडांना. ऐन वेळी घेणारी कंपनी म्हणाली, ही ती गाडीच नव्हे! तज्ज्ञ साक्षीला उभे राहिले. 1929 च्या गाडीतलं काय उरलंय? काही किरकोळ फिटिंग्ज, त्यांचंही वय सांगता येत नाही. 1930 च्या गाडीतलं? पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. बाकी चेसिस, इंजिन वगैरे जे काही होतं ते नंतरचं, 1932 चं. त्याच साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती उतारावरच्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालवणारा क्लाइव्ह डनफी जागीच गेला. मग तिच्यावर कूपेची बॉडी चढली, म्हणजे सगळा वेशच पालटला.

न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला: हीच ‘ओल्ड नंबर वन’. ती कधी नाहीशी झाली नाही, मोडीत निघाली नाही, एक भाग जाऊन दुसरा आला तरी तिची वाटचाल सलग आहे. पैसे टाका!

पुष्कळांना हा निकाल पचला नाही. मला मात्र त्यात तिळभरही आश्चर्य वाटलं नाही. साठ वर्षांपूर्वी उघडलेल्या खात्यात तेव्हा भरलेली एक तरी नोट आज आहे का? लेजर गेलं, पासबुक बदललं, शाखेनं जागा बदलली, खातेदाराची सहीसुद्धा आता थरथरते. तरी खातं त्याचंच! मधली एक नोंद हरवली तर मात्र अडचण.

आणि अशा नोंदी हरवतात. लोखंड टिकतं, नोंद जाते, किंवा लोक मुद्दाम घालवतात. ल मांची उघडी गाडी सगळ्यांना हवी. म्हणून कुठल्या डॉक्टरनं, कुठल्या सॉलिसिटरनं हौसेनं बांधून घेतलेल्या साध्या बंद सलून गाड्यांच्या बॉड्या शौकिनांनी उतरवून फेकल्या, चेसिस आखूड केल्या आणि वर शर्यतीच्या नकला चढवल्या. अशा किती तरी. जी गाडी तीस वर्षं मुलांना शाळेत पोचवत होती, तिला म्हातारपणी पहिलवानाचा लंगोट नेसवायचा, हे मला तरी बरं दिसत नाही. फोटोत ती सलून दिसते, दारं, पडदे, टपावरची बॅग सगळं दिसतं. नंबर जुळतो, आणि प्रत्यक्षात त्या नंबरावर भलतंच ध्यान उभं असतं. हिशेबात जमा, हातात वजा.

आपल्या सरकारनं 2021 साली जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली हवी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला फी वीस हजार. अट एकच: चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे एक कोटी पौंडांची ‘ओल्ड नंबर वन’ आमच्या आरटीओत बाहेरच्या बाकावर बसून राहणार, आणि कुर्ल्याला बनलेली एखादी निष्कलंक फियाट अकराशे तिच्यासमोरून ताठ मानेनं आत जाणार.

फक्त त्या फियाटची जुनी हकिगत शोधायची तर फोटो हवेत, आणि ते आपल्या घरोघरी आहेतही. पण आपल्याकडे गाडीबरोबर फोटो काढायची एक ठरलेली रीत आहे. नवी गाडी, बॉनेटवर हार, काकू दाराशी, मुलं मडगार्डवर आणि काका बरोब्बर मधोमध, नंबरप्लेटसमोर पाय फाकवून. काकांचं धोतर पांढरंशुभ्र आलेलं असतं. दोन पायांमधून ‘एम आर’ एवढं वाचता येतं, पुढचे आकडे धोतराच्या सोग्यामागे.