झिरोचे खोरे आणि पाहुण्याची नजर

ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ १९४४ साली आजच्या अरुणाचल प्रदेशातील झिरोच्या खोऱ्यात पोहोचले, ते केवळ अभ्यासक म्हणून नव्हे. सुबनसिरी भागासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेले ते विशेष अधिकारी होते. तिबेटच्या दिशेने राज्ययंत्रणेचा हात पुढे सरकावा, हा त्या नेमणुकीमागचा हेतू. तो नजरेआड करून त्यांचे लेखन वाचता येत नाही.

सुमारे ५,००० फूट उंचीवरील या खोऱ्यात आपातानींची भातशेती होती : बांधबंदिस्तीची खाचरे, पाटांनी फिरवलेले पाणी, कुंपणे घालून जोपासलेली बांबूची बने. नांगर नव्हता, चाक नव्हते. सारी मशागत माणसाच्या हातची. सभोवतालच्या डोंगरांत फिरती शेती करणारे निशी येथे तांदळासाठी येत, बदल्यात जनावरे देत. ही सुबत्ता निष्कलंक मात्र नव्हती. मिते आणि मुरा अशी जन्माधिष्ठित उतरंड होती, गुलामगिरी होती. निशींशी व्यापार चाले, तशीच माणसे पळवून मोबदला मागण्याची वैरेही चालत. पाहुण्याने हे लपवले नाही.

तरीही १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासग्रंथाचे नाव ‘हिमालयन बार्बरी’. रानटीपणाची आठवण करून देणारे हे नाव दूरच्या वाचकाला रुचले असेल. त्या खाचरांना ते शोभत नाही. शेजाऱ्यांना बाहेरच्यांनी चिकटवलेले ‘डफला’ हे नाव अनुसूचित जमातींच्या यादीतून जाऊन तेथे ‘निशी’ यायला तर २००८ साल उजाडावे लागले.